पोपटी जर्सीचा हंगाम

वारं फिरलं की मला कळतं, शटडाऊन आला. कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी खोलीचं दार उघडलं की उंबऱ्याशी बारीक वाळू साचलेली असते, प्लांटच्या उंच धुराड्यावरची ज्योत आडवी झालेली असते, आणि कॅम्पच्या फाटकाशी नव्या माणसांच्या बसगाड्या लागलेल्या असतात. सौदीतल्या या अबकैकचा हिवाळा असाच संपत येतो. प्लांटचा एकेक भाग थंड करायचा, उघडायचा, आतलं कुजलेलं कापून नवं जोडायचं आणि पुन्हा पेटवायचा, याला शटडाऊन म्हणतात. तेवढ्यापुरती माणसं येतात. वेल्डर, फिटर, आणि आम्ही स्कॅफोल्डिंगवाले, म्हणजे या सगळ्यांना उंचावर उभं राहता यावं म्हणून पाईपांचे मचाण बांधणारे. काम संपलं की खलास. आली तशी माणसं परत जातात. मी तेवढा इथं चिकटून राहिलोय.

या खेपेला पोरं बसमधून उतरताना बघत होतो. कोण कोल्हापूरचं दिसतंय का, ही खोड काही जात नाही. तेवढ्यात कॅम्प बॉसचा निरोप आला. मागच्या मैदानावर नव्या खोल्या येणार, ते गोलपोस्ट गुरुवारपर्यंत काढून टाक.

ते गोलपोस्ट, म्हणे. जसं काही वाऱ्यानं आणून टाकलेत. लेका, ते मी बांधलेत. मचाणाचेच पाईप, मचाणाचेच क्लॅम्प, खाली बेसप्लेट, मागून तिरके टेकू. एवढ्या वाऱ्यात अजून सूतभर हलले नाहीत. जाळी म्हणून सेफ्टी नेट लावलं होतं, त्याच्या आता चिंध्या लोंबतायत. आमच्या धंद्यात बांधलेल्या मचाणाला टॅग लावतात. हिरवा म्हणजे खुशाल चढा, लाल म्हणजे पाय ठेवू नका. बांधले त्या हंगामात एका गोलपोस्टाला मी गंमत म्हणून हिरवा टॅग लावला होता. उन्हानं तो पांढराफटक झालाय, पण आहे.

माझं मन तेव्हापासून थाऱ्यावर नाही. हंगाम म्हटलं की लोकांना पीकपाणी आठवतं; आम्हा कोल्हापूरवाल्यांना फुटबॉल आठवतो. आणि मला फुटबॉलचा तो एकच हंगाम आठवतो, ज्यात माझं लक्ष कधीच बॉलवर नव्हतं. एका माणसाच्या दोन हातांवर होतं.

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठ. कुस्तीच्या तालमी होत्या, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. तालीम पेठेची, संघ पेठेचा, भांडण पेठेचं. पोरगं चालायला लागलं की त्याला कळतं आपला रंग कुठला आणि कुठला रंग दिसला की तोंड वाकडं करायचं. बहीण त्या पेठेत दिलेली असली तरी मॅचच्या दिवशी मेव्हण्याचा फोन उचलत नाहीत. याला आम्ही ईर्षा म्हणतो, आणि आमच्याकडं हा शब्द वाईट नाही. 'काय ईर्षेची मॅच झाली' हे कौतुक असतं. बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटतं. असेल. पण ते अंगात असतं, आणि विमानात बसताना काढून ठेवता येत नाही.

संदीप मला पहिल्यांदा दिसला तो मेसमध्ये, डाळीच्या रांगेत. पुढं एक लांब मानेचा माणूस ताट घेऊन उभा, आणि ती मान मी ओळखली. पलीकडच्या पेठेचा गोलकीपर. गॅलरीत उभा राहून या माणसाच्या नावानं मी घसा बसेपर्यंत ओरडलोय. फॉरवर्ड एकटा सुटून आला की हा सरळ त्याच्या पायात झेप घालायचा, तोंड पुढं, हात पुढं, आणि बुटाखालून बॉल काढून न्यायचा. आमच्या पेठेचे किती गोल असे पायातल्या पायात मेले असतील. त्यानं मागं वळून बघितलं. मला तो ओळखत नव्हता, पण बोलणं ऐकून पेठ बरोबर ओळखली.

"तिकडचं दिसताय," तो म्हणाला.

"तिकडचा न्हाई, मूळचा," मी म्हणालो. "तिकडचा तू."

इथं तो वेल्डर म्हणून आला होता, शटडाऊनपुरता. गावाकडं बायको रूपाली आणि मुलगी आर्या. मुलगी झाली तेव्हा हा इथंच, असल्याच कुठल्या तरी शटडाऊनवर. ती त्याला मोबाईलमधला पपा म्हणून ओळखायची. सुट्टीला घरी गेला की दाराआड लपायची. हे तो हसत सांगायचा, आणि ते हसणं बघवत नसे. त्याला एकच गोष्ट हवी होती. प्लांटच्या कायम माणसांत नाव लागावं. कायम झाला, इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचा हुद्दा बदलला, की त्या दोघींना इकडं आणता येणार. त्यासाठी एक टेस्ट होती. तिरका, जागेवर घट्ट बांधलेला पाईप; तो हलवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती वाकून, आडवं होऊन, खालून-वरून जोड पुरा करायचा. मग त्या जोडाचा एक्सरे काढतात. मनगट केसभर थरथरलं तरी एक्सरेत दिसतं. टेस्ट शटडाऊनच्या शेवटी आणि संधी एकदाच. नापास झाला की बस उभीच आहे.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही त्याला गोलमध्ये उभा केला. काय करणार, दुसरा कीपरच नव्हता.

टीम निघाली ती वॉल्ट साहेबामुळं. वॉल्ट हा अमेरिकन, सेफ्टीचा सल्लागार, चांगलाच वय झालेला, गुडघ्यात वाकलेला. फुटबॉलला सॉकर म्हणायचा, म्हणून पोरं त्याच्या माघारी त्याला सॉकर साहेब म्हणायची. गोलपोस्ट उभे राहताना तो बघायला आला, टेकू हलवून पाहिले आणि हिरव्या टॅगवर स्वतः सही ठोकली. दम्मामच्या बाजूला शुक्रवारी टर्फवर टूर्नामेंट चालायची, केरळच्या लोकांनी भरवलेली. तिथं नाव द्यायला लावलं त्यानंच. नाव द्यायचं म्हटल्यावर आमचं घोडं अडलं. दोन पेठांची पोरं, जर्सीचा रंग कुणाचा? आठवडाभर मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवणं झाली. कोण कुणाला लोणचं देईना. वॉल्ट साहेबाला हे समजावून सांगताना माझी पुरती दमछाक झाली. शेवटी त्यानं अंगातलं सेफ्टी जॅकेट काढून टेबलावर टाकलं. रेडियमचा तो डोळ्यात घुसणारा पोपटी. तो रंग जगातल्या कुठल्याच पेठेचा नव्हता. टीमचं नाव पडलं शटडाऊन इलेव्हन.

हंगामाआधी आमच्याकडं गोलपोस्टापाशी नारळ फोडतात. इथं मैदानावर कुठलं फोडणार? मेसच्या स्वयंपाकघरात गुपचूप फोडला, आणि तो कुणाच्या हातून फोडायचा यावरून पुन्हा जुंपली. फोडला स्वयंपाक्यानंच, तो नेपाळचा होता, आणि दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी वाढली. सगळ्यांनी ती एकाच टेबलावर बसून खाल्ली.

संध्याकाळी सराव व्हायचा. डोक्यावरून गॅसचा उग्र वास तरंगत जायचा, दातात वाळू करकरायची, ज्योतीच्या उजेडानं मैदानाची एक कड तांबूस व्हायची. पोरं ओरडत होती, 'दे की मर्दा,' 'सोड की,' आणि टीमचा कारभारी म्हणून मी रेषेबाहेर उभा राहून संदीपचे हात बघत होतो. दर झेपेला मी एक पाऊल रेषेच्या आत टाकायचो. तो उठायचा, बोटं उघडायचा-मिटायचा, आणि मग मी मागं सरायचो. एकदा त्याचा अंगठा दुमडला आणि तो दिवसभर डाव्या हातानं जेवला. मी बर्फ घेऊन त्याच्या खोलीत गेलो. "मला काय बी झालं न्हाई," म्हणाला, पण बर्फ ठेवून घेतला.

वॉल्ट साहेब गोलमागं खुर्ची टाकून बसायचा. एका संध्याकाळी त्यानं त्याची गोष्ट सांगितली. तरुणपणी तो त्याच्या गावातल्या टीमकडून खेळला होता, चक्क पगारी. त्या काळी तिकडं या खेळाला कुणी विचारत नव्हतं. कुणा हौशी मालकानं टीम काढली, छापील जर्सी दिली, खेळायला बेसबॉलचं मैदान दिलं. मैदानाचा एक कोपरा मातीचा आणि बाकीचं गवत. बॉल मातीत आला की उडायचा, गवतात गेला की रुसायचा. बघायला येणाऱ्यांत निम्मे खेळाडूंच्या घरचे. तरी आम्हाला वाटायचं की आता हे कायमचं, तो म्हणाला. दुसरा हंगाम निम्म्यात होता. एक दिवस सरावाला गेले तर फाटकाला कुलूप. मालक नाही, कोच नाही, चिठ्ठी नाही. सगळे पोरगे बूट गळ्यात अडकवून फाटकाबाहेर उभे राहिले, बराच वेळ, कारण घरी जायचं कसं हेच कुणाला सुचेना. आता गावात त्या टीमबद्दल विचारलं तर लोक म्हणतात, अशी कुठं टीम होती?

"कधी कधी मलाच शंका येते," साहेब म्हणाला. मग संदीपकडं बोट करून म्हणाला, "त्याला सांग, टीम संपते. टीमसाठी हात देऊ नको."

त्याला सांग. सोपं वाटलं साहेबाला.

आम्ही फायनलला गेलो. कसे गेलो ते सांगत बसत नाही. अर्धं नशीब आणि अर्धं संदीप. आणि फायनलचा शुक्रवार ठरला, त्याच्या दुसऱ्याच सकाळी टेस्ट. मी दोन्ही तारखा ऐकल्या. फायनलच्या आदल्या रात्री मी त्याला खोलीबाहेर बोलावलं.

"उद्या तू बसायचं. मी विन्याला गोलमध्ये घालतो."

विन्या आमच्या पेठेचा. त्याच्या हातात चहाचा कपसुद्धा टिकत नाही.

"व्हय," संदीप म्हणाला. "फायनल आली की तुमचा माणूस. मला ठाऊकच हुतं."

"खुळा हाईस काय? हात मोडला तर परवा टेस्टला काय पाय लावणार?"

"आप्पा, तुमी मला आयुष्यभर शिव्या घातल्यासा. आता माया कुठनं आली?"

खरं सांगतो, राग आला नाही, रडू आलं. मी त्याच्या पोरीचा विचार करत होतो आणि तो माझ्या पेठेचा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. हीच तर आमची गत. आमच्याकडं पलीकडच्या पेठेचा माणूस चांगलं सांगायला लागला की आधी खिसा चाचपायचा असतो. मी जितकं समजावलं तितका तो ताठला. शेवटी म्हणाला, "खेळणार. आणि तुमच्या डोळ्यांसमोर जिंकून दाखवणार."

दम्मामच्या टर्फवर दिवे लखलखीत. केरळवाल्यांची माणसं ढोल घेऊन आलेली, आमच्या बाजूला कॅम्पची एक बस. मला खेळातलं काही आठवत नाही म्हटलं तर खोटं नाही. संदीपनं एक उंच बॉल काढला, मी हात बघितले. दुसरा कोपऱ्यातून ढकलला, मी हात बघितले. वॉल्ट साहेब शेजारी उभा होता. तोही बॉलच्या मागं मान फिरवत नव्हता. दोन्हीकडं गोल नाही. वेळ संपत आली तेव्हा त्यांचा दहा नंबर मधून सुटला, एकटा. बॉल त्याच्या पायापासून थोडा लांब पडला. कोल्हापुरातल्या कुठल्याही पोराला विचारा, संदीपसाठी तो बॉल म्हणजे ताटात वाढलेला घास. तो निघाला. आमची सगळी बस उभी राहिली. मी त्याच पोस्टाजवळ होतो. तो खाली झुकला, हात पुढं गेले, समोरून बूट येत होता, आणि मी बघितलं, हात मागं आले. छातीशी. तो कुशीवर पडला आणि बॉल त्याच्या अंगावरून जाळीत गेला.

लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, कीपरला उशीर झाला.

मी देवाशपथ सांगतो, हरल्यावर आनंद झालेला कोल्हापूरकर मी पहिलाच असेन. केरळवाले नाचत होते, हलवा वाटत होते. त्यांच्या एकानं आमच्या हातातही तुकडे ठेवले, "अच्छा खेला भाई" म्हणाला. वॉल्ट साहेब लंगडत मैदानात गेला. संदीपशी हात मिळवला, आणि हात सोडला नाही. तो उलटा केला, बोटं एकेक करून बघितली, मनगट फिरवून पाहिलं.

"गुड," म्हणाला. "टुमॉरो."

बसमध्ये पहिल्यांदाच दोन्ही पेठांचं एकमत झालं. विन्या म्हणाला, तिकडचा माणूस आपल्यासाठी कशाला वेळेवर निघंल. संदीपच्याच पेठेचा एक म्हणाला, "संद्या, नाक कापलंस आमचं." संदीप खिडकीशी बसला होता, पोपटी जर्सीच्या बाह्यांत हात आत ओढून घेतलेले. मी उठलो. सांगणारच होतो, अरे गाढवांनो, तुम्हाला काय कळतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. मी खाली बसलो. पुढं कितीदा विचार केला, तेव्हा मला त्याचं कळलं. उशीर झालेला कीपर आमच्याकडं शिव्या खातो, पण पुढच्या हंगामात त्याला परत उभं करतात. बॉल सोडलेल्या कीपरला पेठेत तोंड दाखवता येत नाही. त्यानं उशीर पत्करला होता.

जोडाचा एक्सरे स्वच्छ निघाला, संदीप कायम झाला. हे मला त्यानं सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. आठवड्याभरात कॅम्पच्या फाटकाशी बसगाड्या लागल्या, आणि शटडाऊन इलेव्हन एकेक बॅग घेऊन त्यात चढली. शिव्या देणारे शिव्या देत गेले, जाताना काहींनी जर्सी माझ्या गळ्यात टाकल्या. यल्ला, यल्ला म्हणत, घाई करत ड्रायव्हरनं दारं लावली. पुढच्या साली वॉल्ट साहेबही कायमचा घरी गेला. तो गेला त्या संध्याकाळी मी मैदानावर एकटा गेलो आणि गोलमध्ये उभा राहिलो. वाटलं, कुलूप तरी हवं होतं. आमच्या मैदानाला फाटकच नाही, त्यामुळं टीम संपली हे सांगणारंसुद्धा काही नव्हतं.

संदीप आता अबकैक गावात राहतो. रूपाली आणि आर्या आल्या त्याला बरेच दिवस झाले. ईदच्या सुट्टीला ते मला जेवायला बोलावतात, तांबडा-पांढरा रस्सा होतो, पेठांवरून टोमणे होतात. एवढ्या जेवणांत आम्ही दोघांनी त्या बॉलबद्दल एक शब्द काढलेला नाही. मी काढत नाही, तो काढत नाही. कधी वाटतं, माझ्या डोळ्यांनाच तसं दिसलं असेल. कधी वाटतं, त्याला अजून वाटत असेल की मी त्याला पेठेपायीच बसवत होतो. हे दुसरं मला फार लागतं.

गुरुवारी दुपारी मी पाना आणि लाल टॅग घेऊन मैदानावर गेलो. खोलायला घेण्याआधी लाल टॅग लावायचा, हा नियम. संदीपला फोन केला होता. तो म्हणाला, थांबा, पोरीला एकदा दाखवतो. गाडी आली. वारं सुटलं होतं म्हणून रूपाली गाडीतच बसली, काच थोडी खाली करून. आर्या बॉल घेऊन उतरली, दुसरीत जाते आता, आणि तिनं गोलपोस्टाकडं बघून नाक मुरडलं.

"पापा, यही है? इतना छोटा?"

"छोटा न्हाई, तू उभी ऱ्हा तिथं," तो म्हणाला आणि गोलमध्ये गेला. फाटक्या जाळीसमोर, नुसत्या चपलांवर. चपला त्यानं बाजूला काढून ठेवल्या.

मी पाना हातात धरून बघत होतो. पोरीनं बॉल ठेवला, मागं सरली, धावत आली आणि मारला. काय मारला म्हणायचं, घरंगळत निघाला. वाऱ्यानं त्याला कोपऱ्याकडं वळवलं. पायानं अडवता आला असता. संदीप उडाला. सगळा लांब, तोंड पुढं, दोन्ही हात पुढं, त्या खडे पसरलेल्या कडक वाळूवर. गाडीतून रूपाली ओरडली, "अहो, हात!"

धूळ खाली बसली. तो पालथा पडला होता आणि बॉल दोन्ही हातांत होता.

"दिस इज नॉट फेअर," आर्या म्हणाली. "पापा, छोड़ना था ना."

मी पोस्टाजवळ गेलो. कोपराला खरचटलं होतं, ओठाला वाळू लागली होती. माझ्या तोंडून सवयीनं टोमणाच निघाला. "आज वेळेवर आलास की रे."

त्यानं वाळू थुंकली. माझ्याकडं बघितलं.

"उद्या टेस्ट न्हाई, आप्पा," तो म्हणाला.

आर्यानं त्याच्या हातातून बॉल ओढून घेतला आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. मी लाल टॅग खिशात घातला आणि तिला म्हणालो, या खेपेला दुसऱ्या कोपऱ्यात मार.